शंभराच्या आतले काका

काकांचं वजन तीन आठवड्यांत दोन किलोंनी वाढलं, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. वजन उतरवण्याचा तक्ता मीच तर लिहून दिला होता.

काका वायरमन. सत्तावीस वर्षं विजेच्या खांबांवर चढताहेत. खिशात पक्कड नसली की त्यांना अनवाणी निघाल्यासारखं वाटतं. यंदा ऑफिसने नवे सेफ्टी बेल्ट आणले आणि फर्मान काढलं, की बेल्ट पेलणार शंभर किलो. तीन महिन्यांनी सगळ्यांची वजनं होतील. जो शंभराच्या आत बसणार नाही, त्याने तक्रारींच्या टेबलावर बसायचं. काका तेव्हा एकशे तीन होते.

"दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खायच्या. त्यात किती कॅलरी असतात रे, डॉक्टर?" काका म्हणाले.

मी कसला डॉक्टर! तक्ता लिहिला म्हणून चिकटलेलं नाव. मोबाइलवर बघून मी एकेका पदार्थाच्या कॅलरी मांडल्या आणि भातापुढे लिहिलं, दीडशे ग्रॅम. 'शिजलेला' हा शब्द तेवढा राहिला. काकूंनी खास वजनकाटा आणला आणि दोन्ही वेळा दीडशे ग्रॅम तांदूळ, दाणा इकडचा तिकडे होऊ न देता मोजून, काकांसाठी वेगळे शिजवले. ताटात डोंगर उभा राहायचा. काका तो निष्ठेने सर करायचे. "असलं पथ्य जन्मभर पाळीन," असं शेजारीपाजारी सांगूनही आले.

काटा एकशे पाचवर गेला तेव्हा काकूंनी तक्ता माझ्यापुढे आपटला. "तूच लिहिलंस ना? वाच."

मी वाचलं आणि मला घाम फुटला. "काकू, हे वजन भाताचं आहे. तांदळाचं नाही."

"अगंबाई! म्हणजे मी ह्यांना जवळजवळ तिप्पट वाढत होते?"

"माझी काही तक्रार नव्हती," काका तोंड पुसत म्हणाले.

शिक्षा काकांनीच ठोठावली. रोज सकाळी त्यांच्याबरोबर साठ खांब चालायचं. किलोमीटर त्यांना परका, अंतर ते खांबांत मोजणार. मी झोपून राहिलो, की साठ खांब माझ्या नावावर चढणार.

पहिला आठवडा नुसतं चाललो. घरी आल्यावर "मेहनत केलीय" म्हणत काका दोन अंडी जास्त खायचे, आणि काटा ढिम्म. मग काकूंनी चिडून रात्रीचं जेवणच बंद केलं. तिसऱ्या दिवशी मी कामावर डबा द्यायला गेलो, तेव्हा खांबाच्या निम्म्यावर काकांचे पाय लटपटले. ते हळूहळू उतरले आणि बुंध्याशी बसून राहिले. या माणसाला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी मी थट्टा केली नाही.

संध्याकाळी तक्ता नव्याने लिहिला, 'शिजलेला' लाल अक्षरांत. जेवण तिन्ही वेळचं, पण मोजून. चालणं रोज, आणि एक दिवसाआड चार मजल्यांचा जिना पाच वेळा. आठवड्याला सहाशे-सातशे ग्रॅम उतरू लागले. पँट सैल झाली तशी काकूंनी दोनदा हुक सरकवला. कुरकुर मात्र रोजची: "अहो, ताट चाटू नका, त्याचं वजन केलेलं नाही!"

वजनाच्या दिवशी मीही गेलो. काका बूट काढून काट्यावर उभे राहिले. शंभर किलो शंभर ग्रॅम. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "खिशातली पक्कड कोण काढणार?"

पक्कड टेबलावर आली. काटा नव्व्याण्णव आठशेवर थांबला.

दुसऱ्या दिवशी आमच्याच गल्लीत काम निघालं. नवा बेल्ट बांधून काका सरसर वर गेले. खाली काकू मान वर करून उभ्या, आणि मी नुकताच अंथरुणातून उठून दारात.

"डॉक्टर!" वरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला. "आजचे धरून एकशे ऐंशी खांब बाकी आहेत तुझे!"

मी हळूच दार लोटलं.