सलूनवाले काका डोकी बघायला जातात

सलूनवाल्या काकांची हयात एकाच तऱ्हेच्या केसांत गेली. काळे आणि सरळ. पिकले की कलप लावून पुन्हा काळे. त्यामुळे जगभरची माणसं जिथे येऊन राहिली आहेत अशा देशात लेकीला नोकरी लागली, तेव्हा गल्ली तिच्या पगारावर बोलत होती आणि काका तिथल्या डोक्यांवर. "एकदा तसल्या केसांत हात घालायला मिळाला ना, की डोळे मिटायला मोकळा," ते म्हणत.

लेकीने तिकीट पाठवलं. विमानतळावर उतरले मात्र, काकांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. लोकरीसारखे कुरळे, कणसाच्या शेंडीसारखे पिवळे, तांबडे, नुसत्या वेण्याच वेण्या! लेक इमारती दाखवायची, काका माना बघायचे.

"बाबा, असं टक लावून बघू नका."

"बघत कुठंय? अभ्यास करतोय."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये घात झाला. पुढच्या सीटवर एक दांडगा माणूस, दाट कुरळे केस, डाव्या कानावर अंमळ जास्तच वाढलेले. गिऱ्हाइकाची मान दोन बोटांनी पुढे झुकवायची काकांची जन्माची सवय. मनाला पत्ता लागायच्या आत बोटांनी काम केलं. आणि गंमत म्हणजे, मान मुकाट झुकलीसुद्धा!

"बाबा!" लेक किंचाळली. माणूस वळला. काकांनी घाईघाईने दोन बोटांची कात्री करून हवेत चालवली. माणसाने कानावरचे केस चाचपले आणि सगळी बस वळून बघेल एवढ्यानं हसला. तो केस कापायलाच निघाला होता. लेक माफी मागत होती, तर म्हणतो कसा, यांनाही घेऊन चला.

तिथल्या सलूनची मालकीण लेकीच्याच वयाची. काकांची हौस कळताच तिने त्यांच्या हातात कंगवा दिला. काकांनी ऐटीत बाह्या सरसावल्या, कंगवा खुपसला आणि तो जो अडकला, तो पुढे जाईना की मागे येईना. खुर्चीतला माणूस कळवळला. मालकिणीने काकांच्या हातावर चापट मारली, केस ओले केले आणि टोकाकडून थोडे थोडे सोडवत कसं जायचं ते दाखवलं. काका लाजले, पण कसले खूश झाले! कितीतरी वर्षांनी त्यांना काहीतरी येत नव्हतं. मग ते तिथून हलेचनात.

संध्याकाळी लेक न्यायला आली, तेव्हा ते जमिनीवरचे केस झाडत होते.

"बाबा, चला ना आता!"

"हळू बोल गं," काका कुजबुजले, "आमच्या मालकीणबाई ओरडतील."