बापूंच्या नावावरची गाडी

बापू गाडीकडे आधी बघतच नसत. बहरीनच्या सित्रा भागातल्या आमच्या गॅरेजात ठोकलेली गाडी आली की ते डोळे मिटायचे, हाताला पातळ सुती फडकं गुंडाळायचे आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत तळहात फिरवत जायचे. मध्येच थांबून म्हणायचे, "इथं कुणीतरी आळशी माणसानं पुट्टी भरलीय." उकरून बघितलं की खाली पोचा निघायचाच. पुट्टीवर त्यांचा फार राग. "पुट्टी म्हणजे पावडर. तोंड धुतलं का आधी?" असं ते पेंटरला दिवसातून एकदा तरी विचारायचे.

बापू देवरुखकडचे. बहरीनमध्ये डेंटर म्हणून, म्हणजे गाड्यांचे पोचे काढण्यात, त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. मी कराडकडचा, आठवीत शाळा सोडलेला. गावाकडं टेम्पो चालवायचो आणि तिशी उलटल्यावर हेल्परच्या व्हिसावर इथं आलो. पहिल्याच दिवशी त्यांनी शिक्षण विचारलं. मी खाली मान घालून सांगितलं. तर म्हणाले, "मी चौथी. म्हणजे तू माझ्या दुप्पट शिकलेला. आता मला शिकवू नकोस म्हणजे झालं." तेव्हापासून माझं नाव 'आठवी' पडलं. "ए आठवी, हातोडी दे." "ए आठवी, झोपलास का उभ्या उभ्या?"

मी मुळात भित्रा. अरबाबच्या, म्हणजे गॅरेजच्या मालकाच्या ऑफिसचं दार वाजलं की वाटायचं, आपलं तिकीट काढलं. घरी आई, बायको, पहिलीत गेलेली मुलगी. परत जाऊन तोंड कुणाला दाखवायचं? बापूंना हे माहीत होतं. म्हणायचे, "अरे, तिकिटाला पण पैसे पडतात. एवढा खर्च करण्याइतका तू मोठा माणूस नाहीस."

आमच्या गॅरेजात एक रीत होती. गाडी ज्याच्याकडं कामाला, त्याचं नाव पुढच्या काचेवर खडूनं लिहायचं. मग त्या गाडीला हात कुणाचाही लागो, जाब नाववाल्यानं द्यायचा. बापू स्वतःचं नाव मराठीत लिहायचे, मोठ्ठं. अरबाबला ते वाचता येत नसे, पण एवढं वेडंवाकडं अक्षर कुणाचं ते सगळ्यांना कळायचं.

असंच नाव त्यांनी अबू खालिदच्या गाडीवर लिहिलं. अबू खालिद बहरीनी, पन्नाशीचा, शांत. गाडी त्याच्या वडिलांनी तरुणपणी घेतलेली, अमेरिकन, दोन दारांची, लांबलचक बॉनेटखाली आठ सिलिंडरचं इंजिन. लोक तिला मसल कार म्हणतात. वडील गेल्यावर ती झल्लाकच्या त्यांच्या बागेत खजुराखाली वर्षानुवर्षं उभी होती आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं तिला आतून खाल्लं होतं. बापू पहिल्यांदा आत बसायला गेले तर पाय तळातून थेट जमिनीवर. तसेच उभे राहून म्हणाले, "चालवायची कशाला, चालतच नेऊ या."

ते काम वर्षभर चाललं. तळाचा पत्रा बापूंनी हातानं ठोकून नवा बसवला. अमेरिकेहून दार मागवलं, ते तीन महिन्यांनी आलं आणि डाव्याच्या जागी उजवं निघालं. एकदा वाटायचं, आता जमलं. दुसऱ्या दिवशी दाराची फट खाली बोटभर, वर केसभर. बापू बिजागरी सोडायचे, परत लावायचे. अबू खालिद दर आठवड्याला यायचा, मान डोलवायचा, खजूर ठेवून जायचा. शेवटी बॉनेटखालचं थोडं काम राहिलं आणि पुढच्या सोमवारी गाडीची सरकारी तपासणी ठरली.

आधीच्या बुधवारी बापूंची दाढ दुखत होती. ते झिंजला डॉक्टरकडं निघाले. जाताना म्हणाले, "डाव्या मडगार्डच्या आतला गंज तारेच्या ब्रशनं काढून ठेव. हळू." मला वाटलं, ते यायच्या आत सगळं चकाचक करून दाखवू. मी विजेवरचा ग्राइंडर घेतला. पाच मिनिटांत पत्रा आरशासारखा झाला. मग मला त्या आरशात एक पुसट खूण दिसली. तीनचा खालचा अर्धा भाग. त्याच्या डावी-उजवीकडं काहीच उरलं नव्हतं.

तो गाडीचा नंबर होता. कंपनीनं पत्र्यात ठोकलेला, कागदावर असतो तोच. गाडी तीच आहे याचा पुरावा तो. तो नसेल तर तपासणीत पहिला प्रश्न येतो: ही गाडी चोरीची तर नाही? मी इकडं तिकडं बघितलं आणि त्यावर प्रायमरचा रंग मारला.

बापू सुजलेला गाल धरून आले. डोळे मिटून आतल्या पत्र्यावर हात फिरवला, आणि त्या जागी हात थांबला.

"पत्रा पातळ झालाय," ते म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच. "ग्राइंडर?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं, ते बघत नाहीयेत. "हो," म्हणालो.

पेंटर केरळचा, मनानं चांगला. हळूच म्हणाला, "पंच का सेट है मेरे पास. नंबर वापस ठोक दो, बापू. कौन देखता है?"

"पेंटर," बापू म्हणाले, "तू रंग चढा. मेरे सिर पे पाप मत चढा." आणि मला म्हणाले, "अबू खालिदला फोन लाव. आज. आत्ता."

अबू खालिद आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं त्या जागेवर बोट ठेवलं, "मेरा बाबा का गाडी," एवढंच म्हणाला आणि बाजूच्या जुन्या टायरवर बसला. त्याच्यामागून अरबाब आला. तो मात्र ओरडला. "किसने घिसा? कौन है?"

माझं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण आवाज फुटला नाही. बापूंनी बोट वर केलं आणि पुढच्या काचेकडं दाखवलं. तिथं त्यांचं नाव होतं.

मग ते अबू खालिदला म्हणाले, "ऐसा गाडी में कभी दूसरा जगह भी नंबर होता है. उजव्या... राइट साइड, मडगार्ड के नीचे. होगा, नहीं होगा, मालूम नहीं. सोमवार तक ढूँढता मैं."

"इंशाल्ला," अबू खालिद म्हणाला.

ते मडगार्ड कुणीतरी फार पूर्वी वेल्डिंगनं पक्कं करून टाकलं होतं. कापताना पातं निसटलं तर खालचा नंबरही जाणार. म्हणून मशीन नाही. छिन्नी आणि छोटी हातोडी. बापू एकेक टाका तोडत होते. शुक्रवारी सुट्टी, तरी आम्ही दोघं गॅरेजात. पत्र्याचं शेड तापलेलं, बापूंच्या गालाला रुमाल बांधलेला. शनिवारी संध्याकाळपर्यंत निम्मं काम झालं. मला घास जात नव्हता. "खा," ते म्हणाले. "उपाशी माणसाचा हात हलतो. आणि तुझा भरल्या पोटी पण हलतो."

रविवारी दुपारी मडगार्ड सुटलं. खाली डांबरासारखा काळा थर. बापूंनी रंग उतरवायचं औषध कापसानं लावलं आणि आइस्क्रीमचा लाकडी चमचा माझ्यापुढं धरला. लोखंडाचा ओरखडा उठतो, लाकडाचा नाही.

"मी नाही, बापू."

"ग्राइंडर धरताना घाबरला नाहीस. चमच्याला घाबरतोस होय? घास."

मी घासायला लागलो. काळं निघालं, त्याखाली लाल, त्याखाली राखाडी. पत्रा कोरा होता. मी बापूंकडं बघितलं. त्यांनी परत कापूस लावला. अजून दोन बोटं पुढं गेलो, तेव्हा चमच्याला काहीतरी अडलं. एक. मग सात. मी मोठ्यानं वाचत होतो, बापू हातातल्या कागदावर बोट सरकवत होते. एका आकड्यापाशी मी अडकलो, तीन की आठ कळेना. त्यांनी कापूस काढून घेतला, हलकेच पुसला आणि म्हणाले, "तीन. पुढं चल." शेवटचा आकडा जुळल्यावर ते जमिनीवर बसले आणि दाढ धरून म्हणाले, "आता दुखतेय बघ."

सोमवारी तपासणीवाल्यानं टॉर्च मारून दोन वेळा कागद बघितला, घासलेल्या जागेचं विचारलं, बापूंनी खरं ते सांगितलं. त्यानं शिक्का मारला. "खलास," म्हणाला, म्हणजे झालं काम. अबू खालिदनं बापूंना जबरदस्तीनं पुढं बसवलं. बापू सीटला तेल लागेल म्हणून पाठ न टेकता बसले होते.

दोन महिन्यांनी बापूंचा व्हिसा संपत होता. अरबाबनं वाढवला नाही. वय झालं, म्हणाला. पेंटर बापूंहून दोन वर्षांनी मोठा. त्याचा व्हिसा मात्र त्याच आठवड्यात वाढवून मिळाला.

"बापू, मी अरबाबला जाऊन खरं सांगतो," मी म्हणालो.

"काय सांगणार? माझे गुडघे गेलेत हे? मला नाहीतरी जायचंच होतं. सुपारीची झाडं वाळतायत तिकडं." मी ते खरं मानलं, कारण ते खरं मानणं सोयीचं होतं. दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेलो आणि परतलो. विमानतळावर मी त्यांची हातोडी मागितली, आठवण म्हणून. दिली नाही. "तुझ्या हाताला दुसरं वजन लागेल. शोध," म्हणाले आणि आत गेले.

आता फोन होतो. मी त्या दिवसाचा विषय काढायला लागलो की ते फोन काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातात देतात. एकदा काकू हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना अजून दोन वर्षं राहायचं होतं रे. आता रोज सकाळी सातला कामावरचा शर्ट घालून ओटीवर बसतात. जायचं कुठंच नसतं."

दुसऱ्या सकाळी मी अरबाबचं दार वाजवलं. आत जाऊन एका दमात सांगितलं, की ग्राइंडर माझ्या हातात होता, बापूंचा काही दोष नव्हता.

अरबाबनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "मालूम है. उसी दिन मालूम था. मैं तेरा टिकट निकालने वाला था. वो बुड्ढा इधर आया, बोला, एक को भेजना है तो मेरे को भेजो, उसका बच्ची छोटा है." मग हात झटकला. "यल्ला, काम पे जाओ."

मी कामावर गेलो. काकूंना हे अजून माहीत नाही. त्यांना वाटतं, वय बघून परत पाठवलं. त्यांना सांगू का, हे बापूंनाच विचारायला पाहिजे. पण विचारायला लागलो की ते फोन काकूंच्या हातात देतात.