बांधीवर टांगलेली कॅसेट

जावेने दात आवळले आणि पेज हनुवटीवरून लुगड्यावर सांडली. मी पुसली, पुन्हा चमचा लावला. पुन्हा तेच. आदल्या सकाळपासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. खाटेच्या पायथ्याशी तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, फोन धरून उभा होता. फोनवर एक चाक गरगर फिरत होतं आणि आवाज काही येत नव्हता.

"सर्वर डाऊन हाय, मोठीमाय," तो म्हणाला. "आपलाच नाही, सगळीकडं बंद हाय."

हा शब्द मला माहीत आहे. रेशन दुकानात अंगठा लागत नाही तेव्हा हाच शब्द ऐकून आम्ही रिकामी थैली घेऊन परत येतो. पण तांदूळ उद्या आणता येतो. इथे उद्यापर्यंत थांबायची सोय नव्हती.

जावेला लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. गोंदियाच्या दवाखान्यात तिच्या नाकातून नळी घातली, ती तिने डाव्या हाताने ओढून काढली. रक्त आलं. मग त्यांनी नळी पुन्हा घातली आणि डावा हात पलंगाला बांधून ठेवला. मी शेजारी बसून होते. ती मुलाकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. पुढे ती थोडं थोडं गिळू लागली तेव्हा घरी सोडलं. डॉक्टरांनी बजावलं की तोंडाने खाणं बंद झालं तर लगेच परत आणा, नळी घालावी लागेल. आता ती खाईना, म्हणून त्या दिवशी पुतण्याने संध्याकाळची गाडी सांगून ठेवली होती. गाडीत बसली की नळी आली, आणि नळीबरोबर तो बांधलेला हात.

खोटं कशाला लिहू, जाऊ आणि मी कधी गोडीने राहिलो नाही. एका घरात दोन चुली झाल्या त्या आमच्या दोघींमुळे. पण भांडायलाही समोरचं माणूस मोकळ्या हाताचं लागतं.

ती खायची ते एकाच गोष्टीवर. आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईच्या रात्री दंडार व्हायची. दंडार म्हणजे आमच्याकडचं नाटक, त्यात बायकांची कामंही गडीच करायचे. एका वर्षी माझ्या नवऱ्याने ती कॅसेटवर भरून घेतली. पाटलीण झालेला गडी बोलायचं विसरला आणि नुसता पदर सावरत उभा राहिला. तेव्हा बायकांच्या बाजूने माझी जाऊ ओरडली, "पदर राहू दे वं बाई, आधी मिशा झाक." नवी नवरी होती. सगळा गाव हसला. सासू कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही, आणि मला बरं वाटलं होतं.

ते ओरडणं कॅसेटमध्ये आलं. लकव्यानंतर पुतण्याने ते सहज फोनवर लावलं, तर स्वतःचा आवाज ऐकून ती वाकड्या तोंडाने हसली. हसताना तोंड उघडलं, हसणं थांबलं तसा मी चमचा आत घातला. तिने गिळलं. तेव्हापासून जेवण तसंच. ओरडणं आलं की चमचा, मग दंडार मागे घ्यायची, पुन्हा लावायची.

आता फोनवर का, ते सांगते. उन्हाळ्यात पुतण्याने तिरोड्याच्या एका दुकानातून ती दंडार फोनमध्ये भरून आणली. मग फोन भरला म्हणून तिथूनही काढली आणि नेटवर कुठल्याशा कंपनीकडे ठेवली. त्याची गाणीही तिथेच. महिन्याचे पैसे भरायचे, दाबलं की वाजायचं. जग बुडलं तरी तिथं राहते, असं मला सांगत होता. मग घरात कॅसेटी कशाला? धान दुधावर आला तेव्हा त्याने सगळ्या कॅसेटींच्या पट्ट्या ओढून बांधीवर, म्हणजे भाताच्या शेतावर, ताणल्या. पट्टी उन्हात चमकते, वाऱ्यात गुंई गुंई वाजते, पाखरं बुजतात. आमच्याकडे बरेच जण करतात. मला विचारलं नाही. टेपरेकॉर्डर तेवढा वाचला, कारण त्यात रेडिओ आहे आणि तो माझ्या खाटेखाली असतो.

"कवा सुरू होते हे?" मी विचारलं.

"कंपनी करते न. होते संध्याकाळपर्यंत."

"कंपनी कुठं राहते?"

त्याने फिरत्या चाकावर पुन्हा बोट दाबलं.

"तिले फोन लाव. सांग, माय उपाशी हाय."

"असं नसते न, मोठीमाय."

शेजारणीला जावेजवळ बसवलं, विळा घेतला आणि बांधीकडे निघाले. तो मागे मागे आला. मी पहिली पट्टी सोडली तसा म्हणाला, "कायले सोडून राहिली? पाखरं येतीन, सारा धान खातीन."

"तुही माय खाऊन नाही राहिली. पाखरं तरी खाऊ दे."

मग तोही गाठी सोडू लागला.

पट्टीचं एक टोक त्याने कॅसेटमध्येच ठेवलं होतं आणि कॅसेटी खुंट्यांना बांधल्या होत्या. नवऱ्याच्या अक्षरातलं 'मंडई' एकीवर अजून वाचता येत होतं. तीच घेतली. बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून पेन खुपसून पट्टी गुंडाळली, पदराने पुसत पुसत. जागोजाग चुरगळली होती. मधला तुकडा तुटून चिखलात गेला होता, तो सोडून दिला. घरी येऊन दोन टोकं सेलोटेपने जोडली. जावेचं ओरडणं राहिलं की चिखलात गेलं, हे लावल्याशिवाय कळणार नव्हतं.

टेपने आधी नुसती खरखर काढली, मग पट्टी गिळली. पुतण्या म्हणाला, गेली. मी बोटाने सोडवली, ताठ केली, पुन्हा लावली. ढोलकी पाण्यात बुडाल्यासारखी वाजली. मग ते आलं. "पदर राहू दे वं बाई" एवढंच, तेही रेड्याने ओरडावं तसं जाड आणि लांबट. मिशा पुढच्या तुकड्यात होत्या, त्या चिखलात राहिल्या. जाऊ माझ्याकडे पाहत राहिली. तोंड बंदच.

"आधी मिशा झाक," मी ओरडले.

ती हसली. मी चमचा घातला.

गाडीवाला आला तेव्हा वाटी अर्धी रिकामी झाली होती. पुतण्याने त्याला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी कंपनी सुरू झाली. तिने फोनवर दोन ओळी पाठवल्या, गैरसोयीबद्दल खेद आहे म्हणून. पुतण्या मला वाचून दाखवू लागला. म्हटलं, मले कायले, तुह्या मायले वाच.

आता लोक मला सांगतात की कॅसेटला बुरशी लागते, पट्टी तुटते, ती वाजवायची मशीन मिळत नाही. मिळत नाही हे खरं आहे. पण माझी तुटलेली वस्तू माझ्या हातात असते. ती मी चिखलातून काढीन, पुसीन, जोडीन, अर्धी वाजली तर अर्धी ऐकीन. कंपनीच्या बांधीत मला कोण शिरू देणार? पैसे आम्ही भरायचे आणि चावी त्यांच्या कमरेला. पुतण्याकडून मी ती दंडार नेटवरून उतरवून घेतली. एक पेनड्राइव्हवर, एक सीडीवर. जुन्या कॅसेटसकट सगळं माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे, कुलपात. पुतण्याची बायको माहेरून आली तेव्हा पेटी पाहून हसली. म्हणाली, कॅसेट चोरायला कोण येते? मी म्हटलं, आला तर दिसेल तरी. पुतण्याने पुन्हा पट्टीला हात लावला तर मी त्यालाच बांधीवर उभा करणार आहे, हे त्याला सांगून ठेवलं आहे.

जावेला नळी पुन्हा घातली नाही. तिची वाचा आली नाही. ती जिवंत आहे, आणि दोन वेळ जेवते.