ओनोरीन आणि तिसांदिए मास्तर

तिसांदिए मास्तर फ्रान्समधल्या आमच्या गावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. सफरचंदं, फुलदाणी, नदीवरचा पूल, सगळं हुबेहूब. लढाई संपली त्या साली वेड्यांच्या इस्पितळातलं प्रार्थनाघर रंगवायला त्यांना बोलावलं. मी तिथे धोबीखान्यात होते.

माझ्याबरोबर ओनोरीन नावाची रुग्ण चादरी पिळायची. तेवीस वर्षं आत होती. पुड्यांच्या कागदांवर ती कपड्यांच्या निळीनं आणि बिटाच्या रसानं बायका काढायची. डोकी ही एवढाली, आणि पोटात घरं.

मास्तर हात धुवायला आले आणि ते कागद बघत उभेच राहिले.

"कुणाकडे शिकलीस गं?"

"शिकायला सवड कुठली? चादरी काय तुम्ही पिळणार?"

त्यानंतर ते दर गुरुवारी यायला लागले. घरची जुनी चित्रं त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली. चिखल, राख, डांबर कालवून नवी काढायला लागले. पाववाला भर चौकात ओरडायचा, "मास्तर, शेण कमी पडलं तर सांगा हो, आमच्या गाईचं पाठवतो!"

एकदा त्यांनी आपलं चित्र ओनोरीनला दाखवलं. त्यातही मोठ्या डोक्यांच्या, पोटात घरं असलेल्या बायकाच होत्या.

"या माझ्या बायका आहेत. तुमचं माणूस कुठाय?"

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांची बायको लेओंतीन लढाईत बाँबखाली गेली होती. तिचं चित्र त्यांनी कधीच काढलं नव्हतं. त्या हिवाळ्यात त्यांनी दुसरं काही काढलंच नाही. राखेतून तिचा चेहरा काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे.

त्याच हिवाळ्यात ओनोरीन छातीच्या दुखण्यानं गेली. तिचे कागद मी पोत्यात भरून मास्तरांकडे पोचवले, नाहीतर भट्टीत गेले असते.

पुढे पॅरिसच्या एका चित्रांच्या दुकानदारानं मास्तरांचं प्रदर्शन ठरवलं. मास्तर म्हणाले, ओनोरीनची चित्रंही लागतील, तिच्या नावानं.

"अहो, लोक म्हणतील तिच्याकडून चोरलं," दुकानदार म्हणाला.

"मग खरं तेच म्हणतील."

अखेर दाराजवळच्या भिंतीवर तिचे बारा कागद लागले. वर्तमानपत्रांनी मास्तरांचं भरभरून कौतुक केलं. तिच्याबद्दल एकच ओळ आली, तीही 'एक वेडी' एवढीच. मास्तरांनी तिचं नाव लिहून वर्तमानपत्राला पत्र पाठवलं. ते छापलं नाही.

इस्पितळाच्या दफनभूमीत थडग्यांवर नुसते आकडे असायचे. मास्तरांनी मला विचारून तिचं थडगं शोधलं आणि फळीवर रंगानं पूर्ण नाव लिहून रोवलं: ओनोरीन व्हालेत. चिखल नाही, डांबर नाही. शाळेतल्या फळ्यावर लिहायचे तसं, साफ, वळणदार अक्षर.