डेरेक मला लेन म्हणायचा

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी जीनचा फोन आला. डेरेक घरात नाही, फुटबॉलचे बूट नेलेत, कोट मात्र खुंटीलाच आहे... मी काचेवरचा बर्फ अर्धवट खरवडून तसाच निघालो. मिसिसागातल्या आमच्या मैदानावर हिवाळ्यात कुणी फिरकत नाही. मी पोचलो तर पोलिसांची गाडी आधीच उभी होती. डेरेक गोलच्या खांबाला टेकून बसला होता आणि सगळं संपलेलं होतं. आज त्याला सात आठवडे झाले.

डेरेक उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या क्लबचा बचावपटू, गोलकीपरच्या पुढचा राखणदार. चौदा वर्षं तिथेच खेळला, मग तिथलाच मॅनेजर झाला, आणि संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरल्यावर त्याच क्लबने त्याला नारळ दिला. मग बायकोला, जीनला, घेऊन तो कॅनडात आला आणि इथल्या मुलींच्या संघाचा कोच झाला. माझी सई त्या संघात होती. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पुण्याचा इंजिनिअर म्हटल्यावर कागदपत्रं माझ्याच गळ्यात पडली आणि मी त्याचा असिस्टंट झालो. हेडर शिकवताना तो स्वतः प्रत्येक बॉलला डोकं लावायचा. त्यांच्या वेळचा चामड्याचा बॉल पावसात भिजला की विटेसारखा लागायचा, हे हसत हसत सांगायचा. मीही हसायचो.

ऑगस्टमधल्या एका मॅचच्या हाफटाइमला तो सगळ्यांसमोर मला म्हणाला, "लेन, तू पुढे जा. मागचं मी बघतो." लेन म्हणजे बचावातला त्याचा जोडीदार, वारून वीसेक वर्षं झालेला. वडीलधाऱ्यांना चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. मी म्हणालो, "ओके, डेरेक." त्याचा चेहरा असा काही खुलला... मग दर आठवड्याला मी लेन होऊ लागलो. गाडीत सईने विचारलंच, "बाबा, हू इज लेन? व्हाय डोन्ट यू जस्ट टेल हिम?"

"मोठ्या माणसांना असं तोंडावर सांगत नाहीत गं," मी म्हणालो. स्वतःला मी फार समंजस समजत होतो.

ऑक्टोबरमध्ये जीनने मला त्यांच्या किचनमध्ये गाठलं. "प्रॅक्टिसला तो ठीक असतो ना? डॉक्टरचं नाव काढलं की भडकतो. तू सांगितलंस तर जाईल." पुढच्या रविवारी फायनल होती. डेरेक दारात येऊन उभा राहिला होता, माझ्याकडेच बघत.

"एकदम ठीक आहे," मी म्हणालो. फायनल आम्ही जिंकलो.

परवा जीनने मला त्यांच्या बेसमेंटमध्ये नेलं. भिंतीवर डेरेकचा डावपेचांचा बोर्ड आहे, त्यावर चुंबकाचे अकरा लाल बिल्ले. तिने एकही हलवलेला नाही. मागच्या रांगेत मधोमध दोन बिल्ले अगदी चिकटून, एकावर डेरेकचं नाव, दुसऱ्यावर लेनचं.

"त्या सकाळी म्हणाला, लेन मैदानावर वाट बघतोय," जीन म्हणाली. "मला वाटलं, झोपेत बरळतोय. इतक्या वर्षांत लेनचं नाव त्याने काढलं नव्हतं. कुठून आठवला असेल रे?"

"काय माहीत," मी म्हणालो.

म्हणून हे मराठीत लिहितोय. जीनला मराठी वाचता येत नाही.