निम्म्या गोळीची डॉक्टरीण

“बूट काढ! बूट काढ म्हणते ना! ताप तुला आलाय की कंपनीच्या लोखंडी बुटाला?”

डॉक्टरीणबाई ओरडत होत्या. वजनकाट्यावर एक सव्वाशे किलोचा सुपरवायझर लहान पोरासारखा एका पायावर उभा राहून बुटाची नाडी सोडत होता. बाईंची उंची त्याच्या खिशापर्यंत. आवाज मात्र असा, की इथं कुरुळीत ओरडल्या तर पलीकडं तळवड्यात कारखान्याची मशीन बंद पडावी. खोटं वाटत असेल तर तळवड्यात विचारा.

मी कंपनीची बस चालवतो. बाईंचा दवाखाना आमच्या थांब्यासमोरच, त्यामुळे माणसं गोळा होईस्तोवर मी त्यांच्या बाकावर पंख्याचा फुकटचा वारा खात बसायचो. वीस वर्षांत अर्धा डॉक्टर झालो, असा माझा समज होता. तो अर्धाच मला पुढे नडला.

कुणीही आलं की बाईंचे प्रश्न ठरलेले. “जंतू कुठला असेल? बसलाय कुठं? आणि माणूस केवढा?” पहिले दोन स्वतःला विचारायच्या, तिसरा काट्याला. एकच औषध लघवीच्या जंतूला थोडं पुरतं, छातीतल्याला जास्त लागतं. लेकराला किलोवर मोजून, धडधाकट गड्याला बहुधा ठरलेलं, म्हाताऱ्याला मूत्रपिंड बघून. हे सगळं त्या दहा श्वासांत ठरवायच्या. आम्हाला बायकोला फोन करावा की नको, हे ठरवायला तेवढा वेळ लागतो.

चिठ्ठीवर ‘सकाळ-दुपार-रात्र’ कधीच नाही. शिफ्टवाल्याची सकाळ कधी होते ते त्यालाच माहीत नसतं. म्हणून बाई लिहायच्या, ‘बसमध्ये चढताना एक, आठ तासांनी घरी आल्यावर एक, उठल्यावर एक.’ दर आठवड्याला शिफ्ट बदलली की चिठ्ठीही बदलून द्यायच्या. अशी चिठ्ठी पृथ्वीवर दुसरीकडे कुठं लिहिली जात असेल, तर मी बस विकून टाकेन.

एकदा लातूरकडचा एक गडी घसा धरून परत आला. “म्याडम, गुण न्हाई आला.”

“पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्यास?”

“घेतल्या की. म्हंजे... खोलीत सगळ्यायलाच खोकला व्हता. वाटून खाल्ल्या.”

“खोलीत किती जण?”

“सात.”

बाईंनी डोळे मिटले. “अरे, हा काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे? अर्धवट मार खाल्लेला जंतू गप्प बसत नाही, शहाणा होऊन उठतो!” आणि सातही जणांना बोलावून एकेकाचा घसा तपासला. पाच जणांना नुसतं गरम पाणी प्यायला सांगितलं. त्यांना गोळीची गरजच नव्हती.

आता माझ्या पराक्रमाचं सांगतो.

आमच्या आबांना, म्हणजे वडलांना, थंडी वाजून ताप आला. वय शहात्तर. लघवीला जळजळ. बाईंनी रक्त-लघवी तपासायला पाठवली आणि पहिली गोळी पूर्ण दिली. रिपोर्ट आल्यावर कॅलेंडरच्या पाठीवर वय, वजन आणि रक्तातला मूत्रपिंडाचा आकडा मांडून गणित केलं. म्हणाल्या, “गाळणी झिजलीय. औषध लवकर बाहेर पडणार नाही, साचत राहील. आता रोज एकदाच, तीही निम्मी.”

निम्मी! ज्या आबांनी तरुणपणी, आमच्या घरच्या म्हणण्याप्रमाणे, खांद्यावर बैल घेऊन नदी ओलांडली, त्यांना निम्मी गोळी? मी मेडिकलमधून आणखी पाकीट आणलं आणि सकाळ-संध्याकाळ अख्खी दिली. तिसऱ्या दिवशी ताप गायब. मी मिशीला पीळ दिला.

पाचव्या दिवशी आबा मला त्यांच्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारू लागले. हातांना झटके येत होते. भिंतीवर त्यांना बैल दिसत होते. मी त्यांना उचलून दारात उभ्या बसमध्ये घातलं आणि आतल्या वीस कामगारांसकट ती बाईंच्या दवाखान्यापुढं आणून उभी केली.

बाईंनी आबांना पाहिलं, मग मला.

“किती दिल्यास?”

“तुम्ही सांगितल्या तेवढ्याच.”

मला वाटलं, आता छप्पर उडणार. पण बाई ओरडल्या नाहीत. आबांचं मनगट धरून हळू म्हणाल्या, “मी मोठ्या दवाखान्यात फोन लावतेय. खरं सांगितलंस तर ते आधी गोळी थांबवतील. खोटं सांगितलंस तर डोक्यात काय झालंय ते शोधत बसतील. बोल.”

मी बोललो. वीस माणसं ऐकत होती. बाईंनी फोनवर औषधाचं नाव, दिवस, गोळ्या, रक्ताचा आकडा सगळं एका दमात सांगितलं, आणि रांगेतल्या पेशंटांना “उद्या या” म्हणून चप्पल घालून बसमध्ये चढल्या. चिंचवडच्या त्या मोठ्या दवाखान्यापर्यंत आबांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. बस मीच चालवली, पण रस्ता मला आठवत नाही.

तिथं भरती केल्यापासून चौथ्या दिवशी आबा उठून बसले आणि चहात साखर कमी आहे म्हणून भांडले. मी बाईंचे पाय धरायला वाकलो, तर म्हणाल्या, “वाकू नको, पुढची तपासणी कधी ते लिहून घे.” घरात कुणाला त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही नाही. गावभर गोष्ट सांगितली, पण माझ्या अख्ख्या गोळ्या त्यातून वगळून.

मागच्या वर्षी मुलीनं बाईंना नाशिकला नेलं. दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. थांब्यावर माणसं जमेपर्यंत मी गाडीतच बसून असतो.

परवा ओट्यावर आबांना म्हणालो, “काय बाई होती राव! तिनं तुम्हाला वाचवलं.”

आबा सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले,

“व्हय. आन् तू मारत हुतास.”