आधी त्याचं म्हणणं सांग

आकोथला आमच्या केनियातल्या नाकुरूत आकोथ म्हणून ओळखणारी मी एकटीच. तिच्या दुकानावर आधीच्या मालकिणीची पाटी होती, 'रेहेमा सलून', म्हणून गिऱ्हाइकं तिला रेहेमा म्हणायची. आणि फोनवर गेम खेळणारी पोरं तिला म्हणायची 'रेफा', म्हणजे पंच. माझी चपाती-घेवड्याची टपरी तिच्या दुकानाला लागून. मधे नुसता पत्रा. त्यामुळे ती वेण्या घालताना फोन मोठ्यानं लावून पोरांशी काय काय बोलायची ते सगळं मला ऐकू यायचं, तिकडचं बोलणंसुद्धा. ऐकायचं नव्हतं, असं खोटं कशाला बोलू? करमणूक व्हायची माझी.

गेम बंदुकांचा. पाच जण इकडून, पाच जण तिकडून, आणि गावभरची पोरं एकाच ग्रुपात आपापल्या फोनवरून बोलायची. बोलायची कसली, गटार उघडायची! हरलेल्याची आई, बहीण, सात पिढ्या, काही सोडायची नाहीत. एखादी मुलगी बोलली की लगेच, "ए, चुलीवरची उगाली ढवळायला जा!" आकोथ स्वतः दोन वर्षं तोंड न उघडता खेळली, पुरुष समजायचे तिला. मग ग्रुप सांभाळणारा कंटाळून निघून गेला आणि हिनं ते लोढणं गळ्यात घेतलं. मी म्हटलं, "बाई, तुला दुसरे उद्योग नाहीत का?" तर म्हणे, "मावशी, खेळ चांगला आहे, माणसं बिघडलीत."

तिनं दोन नियम केले. एक, आडनाव सांगायचं नाही आणि स्वाहिलीशिवाय बोलायचं नाही. ह्याचं कारण आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आडनाव कळलं की माणूस तळ्याकडच्या जमातीचा की डोंगराकडच्या ते कळतं, आणि निवडणूक जवळ आली की मारामारीला तेवढंच पुरतं. दुसरा नियम तिचा स्वतःचा. भांडण झालं की उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं, असं की तो म्हणेल, "हो, हेच." तोवर आपलं बोलायचं नाही.

पहिल्यांदा पोरांनी टिंगल केली. "रेफा, आम्ही काय शाळेत आलोय?" पण ती हटली नाही. एकदा पत्र्याआडून ऐकलं, एक जण रागानं फणफणत म्हणत होता, "त्याचं म्हणणं आहे की मी घाबरून पळालो." दुसरा म्हणाला, "पळालास नाही म्हटलं, न सांगता गेलास म्हटलं." "बरं बाबा, न सांगता गेलो." "हो, हेच." आणि मग भांडायला काही उरलंच नाही. हळूहळू मुली बोलायला लागल्या. डावपेचांवर अशी चर्चा चालायची की आमच्या काउंटीच्या सभेत कधी होत नाही. आकोथ गिऱ्हाइकाच्या डोक्यात बोटं चालवत ऐकायची आणि मधेच हसायची. त्या पोरीला मी इतकं खूश दुसऱ्या कशात पाहिलं नाही.

निवडणुकीच्या आधीच्या महिन्यात ग्रुपातल्या स्पर्धेचा शेवटचा सामना होता. शनिवारी दुपारी. एका बाजूला 'सुलतान'. हा कान्यी, आमच्या डोंगराकडचाच, बापाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसणारा. दुसऱ्या बाजूला 'पिकीपिकी', म्हणजे ओपियो, तळ्याकडचा, मोटरसायकलवर सवाऱ्या नेणारा. ओपियोकडची वीज गेली, नेट तुटलं आणि त्याचा गट हरला. त्यानं पुन्हा सामना मागितला. कान्यी तापला आणि म्हणाला, "ह्या गावातले डाग एकदा धुवूनच काढायला हवेत."

डाग हा शब्द आमच्याकडे कपड्यांपुरता राहिलेला नाही. एका निवडणुकीनंतरच्या दंगलीत, तळ्याकडच्यांचे असेच डाग धुताना, ओपियोचा बाप मारला गेला होता, बसस्टँडच्या मागे, पोरगा पाच-सहा वर्षांचा असताना. सगळे ऐकत असताना ओपियो हमसून हमसून रडायला लागला, एवढा बाप्या माणूस. आणि आकोथच्या तोंडून निघून गेलं, "रडू नको रे भाऊराया." तळ्याकडच्या भाषेत. तिच्या आईच्या भाषेत.

पत्र्याआड माझी चपाती तव्यावर तशीच करपली. मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, अर्थ तिनं नंतर सांगितला, पण कोणती भाषा आहे ते तर कळतंच की!

"अच्छा!" कान्यी म्हणाला. "म्हणजे आपला पंच त्यांच्यातला!"

झालं. मग जुनी मढी उकरायला सुरुवात झाली. मागे कोणाला बाहेर काढलं, कोणाला पुन्हा सामना दिला, कोणाला दमात घेतलं, सगळ्यात आता लोकांना जमात दिसायला लागली. ज्या मुलींसाठी हिनं एवढं केलं त्यांच्यातली एकही तोंड उघडेना. मी पत्रा ठोकून ओरडले, "अगं, बंद कर तो फोन! गाढवांपुढे कसलं बायबल वाचतेस?" ती म्हणाली, "नाही मावशी. नियम माझ्यासाठीपण आहे."

आणि तिनं कान्यीचं म्हणणं सांगायला घेतलं. शांतपणे, मनापासून, काही न वगळता. "तुझं म्हणणं असं की, मी तळ्याकडची आहे. मी ते लपवलं. मी पंच झाले ते माझ्या माणसांना जिंकवायला. मी नेहमी माझ्या माणसांची बाजू घेतली आणि तुमच्या पोरांना चिरडलं."

"हो, हेच!" कान्यी म्हणाला, आणि निघून गेला. तिचं उत्तर ऐकायला तो थांबलाच नाही.

संध्याकाळपर्यंत तिच्या त्या बोलण्याचं रेकॉर्डिंग गावभर झालं. सुरुवातीचं 'तुझं म्हणणं असं की' एवढंच कापलेलं. बाकी आवाज तिचा, शब्द तिचे, 'मी नेहमी माझ्या माणसांची बाजू घेतली.' मटाटू गाड्यांत वाजत होतं, न्हाव्याकडे वाजत होतं. आमच्या चर्चच्या बायकांच्या ग्रुपात आलं, वर लिहिलेलं, 'ऐका, ही आपल्या केसांना हात लावते.' मी एकेकीला फोन करून सांगितलं, अगं बायांनो, ते कापलंय, मी स्वतः ऐकलंय सगळं! तर मलाच म्हणाल्या, "न्योकाबी, तुझी शेजारीण आहे म्हणून बोलतेस." माझी माणसं! मला लाज वाटली त्यांची, आजही वाटते.

सोमवारी एकही गिऱ्हाईक आलं नाही. मंगळवारी कुणीतरी दारावर रंगानं मोठा ठिपका काढला, डागासारखा. घरमालक आला, वाईट माणूस नाही तो, खाली बघत म्हणाला, "निवडणूक होईपर्यंत तरी जा, पोरी. जाळलं तर माझंही घर जाईल." आकोथनं कंगवे, नकली केसांचे गुच्छ, आरसा पिशवीत भरला. मी चपात्या बांधून दिल्या. मटाटूत बसताना मला म्हणाली, "मी त्याचं म्हणणं बरोबर सांगितलं होतं ना गं?" मी म्हटलं, "फार बरोबर सांगितलंस, माझे आई."

आठवडाभरानं तिचा फोन आला, तळ्याकाठच्या गावातून. मी विचारलं, "सुखरूप आहेस ना? लोक नीट वागतात ना?"

"फार नीट. इथंही सगळ्यांनी ऐकलंय ते, मावशी. बाजारात बायका उठून मिठी मारतात. मासेवाली पैसे घेत नाही. म्हणतात, परक्या गावात राहून आपल्या माणसांची बाजू घेतलीस, खरी आमची लेक!"

"मग तू सांगितलं नाहीस, की तसं काही नव्हतं?"

"सांगितलं. रोज सांगते. हसतात आणि म्हणतात, आता कशाला घाबरतेस, आता तू आपल्या घरी आहेस."